चढताना की थांबल्यावर?

पट्ट्यावर धावताना काहीच झालं नव्हतं. वीस मिनिटं झाली, लाल बटण दाबलं, पट्टा थांबला, मी खाली उतरले आणि नॅपकिन शोधत उभी राहिले. तेवढ्यात समोरच्या आरशातला मुलगा, त्याच्या हातातली डंबेल्स, वरचा पंखा, सगळं राखाडी व्हायला लागलं. कान पाण्याखाली गेल्यासारखे. कुणीतरी "मॅडम, मॅडम" करतंय हे कळत होतं, पण लांबून. मग मी सरळ जमिनीवर फतकल मारली. वयाच्या छपन्नाव्या वर्षी, नव्या कोऱ्या बुटांत.

ट्रेनरने विचारलं, "सकाळी काही खाल्लं होतंत का?" रिसेप्शनवरची मुलगी मीठ-साखरेचं पाणी घेऊन आली, "बीपी लो झाला असणार." शेजारच्या सायकलवरच्या काकूंनी पाय न थांबवता सांगितलं, "पित्त. माझंही अस्संच होतं." घरी आल्यावर बहिणीचा फोन, "आता वयाला झेपेल एवढंच करावं." अर्ध्या तासात चार निदानं, आणि चारही फुकट.

०

डॉक्टरांनी मात्र आधी एवढंच विचारलं, "धावताना आली की थांबल्यावर?"

"थांबल्यावर."

"बरं झालं." मग आडवं झोपवून बीपी घेतलं, उभं करून पुन्हा घेतलं, एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी. उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर ते दखल घेण्याजोगं. माझा वरचा १२ ने उतरला. ईसीजी काढला, चालू गोळ्यांची यादी विचारली. मी 'कशामुळे' याची चार उत्तरं घेऊन गेले होते. 'कधी' हे कुणी विचारलं नव्हतं, मलाही सुचलं नव्हतं. त्या संध्याकाळी ही वही काढली.

०

आमच्या सोसायटीत पंप बंद पडला की सगळ्यांत आधी कुणाचा नळ फुसफुसतो? वरच्या मजल्याचा. तळमजल्यावरच्यांना पत्ताही नसतो.

शरीरात वरचा मजला म्हणजे मेंदू. वजनाने शरीराच्या अवघा दोन टक्के, पण प्राणवायूच्या एकूण खपातला पाचवा हिस्सा त्याचा. आणि साठवणीची टाकी त्याच्याकडे नाही. काही सेकंद पुरवठा आटला की दिवे मंद होतात.

आपण नुसते उभे राहिलो तरी अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त पायांत आणि पोटात उतरतं. ते परत वर चढवायचं काम एकट्या हृदयाचं नाही. पोटऱ्यांचे स्नायू प्रत्येक पावलाला शिरा पिळतात, आणि शिरांमधल्या झडपा रक्ताला पुन्हा खाली उतरू देत नाहीत. म्हणून पोटरीला दुसरं हृदय म्हणतात. बसल्या जागी हृदय मिनिटाला पाचेक लिटर रक्त फेकतं, जोरात धावणाऱ्या तरुणाचं वीस-पंचवीस. त्यातलं बहुतेक पायांकडे जातं, कारण पायांच्या रक्तवाहिन्या तेव्हा सताड उघडलेल्या असतात. लाल बटण दाबलं की पोटरीचा पंप एका क्षणात बंद. उघडलेल्या वाहिन्या मात्र सावकाश मिटतात. मधल्या त्या मिनिटभरात वरच्या मजल्यावर पाणी नाही.

उपाय इतका साधा की तो कुणी विकू शकत नाही. एकदम थांबू नये. पाच-दहा मिनिटं चालत राहावं.

०

माझे मामा कोल्हापुरात तालमीत होते. पाचशे बैठका झाल्यावर एखादा पोरगा हौदाच्या कडेला टेकला की वस्ताद ओरडायचे, "बसू नको रं, फीर!" मामा सांगायचे की वस्तादांच्या हातातल्या काठीचा धाक कुस्तीपेक्षा या फिरण्यासाठी जास्त असे. अंगावरचा घाम लाल मातीने टिपत पोरं हौदाभोवती फेऱ्या घालत. मग अंग चेपणं, मग थंडाई. या क्रमात कधी बदल नाही. शिरेतली झडप वस्तादांनी पाहिली असण्याचं कारण नाही. त्यांनी पडलेली पोरं पाहिली होती.

०

मराठीत या प्रकाराला किती शब्द आहेत ते एका दुपारी मांडून बघितलं. चक्कर, भोवळ, घेरी, झीट, गरगरणं, डोळ्यांपुढे अंधारी, काजवे चमकणं, तोल जाणं, डोकं हलकं होणं, मूर्च्छा. हे सगळे एकाच अर्थाचे नाहीत. गरगरणं म्हणजे खोली फिरते, आणि संशय आधी कानावर जातो. अंधारी येणं म्हणजे पडदा पडतो, तिथे रक्तदाब. तोल जातो त्याचं डोकं अनेकदा ठीक असतं, पायाखाली घोळ असतो: नसा, सांधे, लहान मेंदू.

एवढी श्रीमंती घरी ठेवून आपण दवाखान्यात जातो आणि म्हणतो, "चक्कर येते." डॉक्टर लिहितात, चक्कर. "जरा चक्कर मारून येते" म्हणतो तीही हीच.

०

फुगडी. मंगळागौरीला पुतण्यांनी ओढलं म्हणून घातली. थांबल्यावर भिंती फिरत राहिल्या आणि मी पाटाला धरून हसत राहिले. हे वेगळं. यात रक्ताचा संबंध नाही. कानाच्या आत तीन अर्धगोल नळ्या, त्यांत द्रव. आपण फिरतो तसा तोही फिरू लागतो, आणि आपण थांबलो तरी थोडा वेळ त्याचं चालूच. कान सांगतो फिरतोय, डोळे सांगतात उभे आहोत. दोघांचं भांडण मिटेपर्यंत पाट धरायचा.

याच कानात चुनखडीचे सूक्ष्म खडे असतात. ते आपल्या जागेवरून सुटून नळीत शिरले की कूस बदलताना, मान वर करताना, जिमच्या बाकावर आडवं होताना सगळी खोली गर्रकन फिरते आणि मिनिटाच्या आत थांबते. डिक्स आणि हॉलपाइक या दोघांनी १९५२ मध्ये याची तपासणी लिहून ठेवली: रुग्णाची मान वळवून त्याला झटकन मागे झोपवायचं आणि डोळे कसे थरथरतात ते पाहायचं. पुढे एप्ली यांनी डोकं टप्प्याटप्प्याने वळवून खडे परत जागी घालायची युक्ती काढली. पुष्कळांना एका बैठकीत आराम पडतो. माझ्या एका मैत्रिणीने सर्वांगासनात गरगरतं म्हणून दोन वर्षं आसनं सोडली होती आणि पित्ताच्या गोळ्या खाल्ल्या होत्या. खडे पाच-दहा मिनिटांत जागेवर गेले.

०

पित्तावर एक अख्खी वही भरेल. मराठी माणसाला हृदयविकार होत नाही, आधी पित्त होतं.

०

सूर्यनमस्कार. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी रोज घालत, आणि संस्थानातल्या शाळांतून त्यांनी मुलांकडूनही घालून घेतले. बारा आकड्यांत डोकं हृदयाच्या वर, खाली, पुन्हा वर. मानेतल्या रक्तवाहिन्यांत दाब मोजणाऱ्या पेशी असतात. डोकं वर आलं की त्या हृदयाला "वाढव" म्हणून कळवतात. विशीत हा निरोप लगेच पोचतो. साठीत पोस्टाने जातो. म्हणून साठीतल्या माणसाने शेवटच्या आकड्याला वाकलेलं असताना एक श्वास जास्त घ्यावा आणि मगच उभं राहावं. आमच्या बागेतला गट मात्र शर्यत लावल्यासारखे घालतो. परवा शंभर घातल्याचं एकाने सांगितलं. कपाळावर टेंगूळ होतं. ते कशाचं, हे सांगितलं नाही.

०

कपालभाती करताना हलकं हलकं वाटतं, बोटांना मुंग्या येतात, ओठ बधिर होतात. बागेत याला "ऊर्जा जाणवते" म्हणतात. घाईघाईने श्वास टाकला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, आणि तो कमी झाला की मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात. छाती भरून हवा असताना डोक्याला रक्त कमी. ऊर्जा जाणवत असेलही. मला तरी ती खाली बसूनच जाणवली.

०

वजन उचलताना श्वास कोंडायची सवय. चेहरा लाल, मानेच्या शिरा फुगलेल्या. छातीतला दाब इतका वाढतो की हृदयाकडे परतणारं रक्त अडतं. सोडल्यावर दाब एकदम उतरतो आणि डोळ्यांपुढे काजवे. या कुंथण्याला वॅल्साल्वा यांचं नाव आहे. हे इटलीचे शरीरशास्त्रज्ञ, १६६६ ते १७२३. त्यांनी हा प्रकार सांगितला होता तो कानातला पू बाहेर काढण्यासाठी. वजन उचलणाऱ्यांशी त्यांचं काही देणंघेणं नव्हतं. ट्रेनर आता "उचलताना श्वास सोडा" म्हणतो. बद्धकोष्ठाच्या माणसाला हे न्हाणीघरातही सांगायला हवं. पहाटेची बरीचशी पडापड तिथली असते.

०

शाळेत पंधरा ऑगस्टला 'सावधान'मध्ये उभी असलेली मुलं. प्रमुख पाहुणे तिसऱ्या मुद्द्यावर आले की चौथ्या रांगेतली एक मुलगी धप्प. व्यायाम शून्य, पोटऱ्या स्थिर, ऊन डोक्यावर. सैनिकांना पायाची बोटं बुटातल्या बुटात हलवत राहायला शिकवतात. आम्हाला बाईंनी हलायचं नाही असं शिकवलं.

०

उपाशीपोटी व्यायाम. निरोगी माणसाची साखर सकाळच्या तासभर चालण्याने धोक्याइतकी पडत नाही, यकृत आपल्या साठ्यातली सोडत राहतं. ज्याला "साखर कमी झाली" म्हणतो ते बऱ्याचदा पाणी कमी झालेलं असतं. मधुमेहाच्या काही गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांचं मात्र तसं नाही. त्यांची खरोखर ७० च्या खाली येते. हात थरथरतात, दरदरून घाम, चिडचिड, मग चक्कर. शेजारचे काका टेकडीवर खिशात लिमलेटच्या गोळ्या ठेवतात आणि नातवंडांना त्यातली एकही देत नाहीत. मला आधी कंजूष वाटायचे.

माउलींची पालखी पुण्याहून सासवडला निघते तो दिवस बहुधा एकादशीचा. दिवे घाट त्याच दिवशी, तोही उपासाच्या पोटी. सत्तरीच्या बायका डोक्यावर तुळस घेऊन चढताना मी पाहिल्या आहेत. एकदम थांबत मात्र कुणी नाही. विसाव्यालाही पाय टाळाबरोबर हलत असतात. यामागे काही ठरवलेलं असेल असं मी म्हणत नाही.

०

धावणाऱ्यांच्या इतिहासात दोन माणसं या वहीची.

डोरांडो पिएत्री, इटलीचा. लंडन, १९०८. मॅरेथॉनमध्ये पहिला स्टेडियममध्ये शिरला, चुकीच्या दिशेने वळला, पडला, उठला, पुन्हा पडला. अधिकाऱ्यांनी हाताला धरून रेषा ओलांडून दिली. मदत घेतली म्हणून बाद. पदक अमेरिकेच्या जॉनी हेसला. पिएत्रीला राणी अलेक्झांड्रांनी वेगळा चषक दिला.

गॅब्रिएला अँडरसन-शीस, स्वित्झर्लंडची. लॉस एंजेलिस, १९८४. ऑलिंपिकमधली बायकांची ही पहिलीच मॅरेथॉन. शेवटची फेरी ती वाकडी होऊन, एक हात लटकत, पाय ओढत चालली. पावणेसहा मिनिटांच्या आसपास लागली. डॉक्टर बाजूने चालत होते, पण हात लावला तर बाद. तिने हाताने दूर व्हा म्हणून खूण केली. डॉक्टरांनी पाहिलं की तिला घाम येतोय, म्हणजे शरीर अजून स्वतःला थंड करतंय, आणि तिला जाऊ दिलं. सदतिसावी आली. तिच्या हट्टाची गोष्ट सगळे सांगतात. मला घाम बघणारा तो डॉक्टर आवडतो.

०

आपल्याकडची गोष्ट. २०१४ चा जून, मुंबईत पोलीस भरती, उन्हातली पाच किलोमीटरची धाव. काही तरुण मुलं त्यात गेली. गावाकडून रात्रभर प्रवास करून आलेली, फुटपाथवर झोपलेली, वडापाव खाऊन धावायला उभी राहिलेली मुलं असतात भरतीला. उन्हाची सवय व्हायला शरीराला दहा-चौदा दिवस लागतात; झोप, पाणी, मीठ, सगळंच कमी. आता पुरुषांची धाव १६०० मीटर, मुलींची ८००. भरतीची तयारी करणारी मुलं आमच्या टेकडीवर पहाटे येतात. धाप लागली, डोळ्यांपुढे अंधारी आली तरी सांगत नाहीत. सांगितलं की नोकरी जाते असं त्यांना वाटतं, आणि ते अगदीच खोटं नाही.

०

"भरपूर पाणी प्या." यालाही दुसरी बाजू आहे. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं. शंभरात तेरा जणांचं सोडियम कमी निघालं. त्यातले बरेच जण धावताना एवढं पाणी प्यायले होते की वजन वाढून परत आले. मळमळ, डोकं जड, चक्कर. बघणाऱ्याला वाटतं पाणी कमी पडलं, आणि तो आणखी एक बाटली पुढे करतो. तहान लागेल तसं प्यावं, दीर्घ पल्ल्याला मीठही हवं. आमची आजी उसाच्या फडावर जाणाऱ्यांना ताकात मीठ घालून द्यायची. माझ्या जिममध्ये त्याच ताकाची पिशवी नव्वद रुपयांना आहे.

०

गोळ्यांची यादी. बीपीची एक, लघवीवाटे पाणी काढणारी एक, आणि मैत्रिणीच्या नवऱ्याची रात्रीची प्रोस्टेटची गोळी. ही तिसरीही रक्तवाहिन्या सैल करते. पहाटे उठून थेट बागेत गेला आणि पहिल्याच ताणाला कोसळला. बीपीच्या डॉक्टरांना प्रोस्टेटच्या गोळीचं सांगितलं नव्हतं, "ती दुसऱ्या डॉक्टरांची आहे" म्हणून. गोळ्या पोटात गेल्यावर डॉक्टर बघून वेगवेगळ्या बसत नाहीत.

०

आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताई परवा तिसऱ्या मजल्याच्या वळणावर भिंतीला टेकून उभ्या होत्या. "जरा घेरी आली, ताई." आम्ही दोघी एकमेकींना ताईच म्हणतो. दिवसाला सहा घरं, लिफ्ट नसलेल्या दोन इमारती. माझ्या वीस मिनिटांच्या पट्ट्याला मी व्यायाम म्हणते, त्याचे पैसे भरते, त्यात चक्कर आली तर ईसीजी निघतो. त्यांच्या जिन्याला कुणी व्यायाम म्हणत नाही. रक्त तपासून घेतलं. हिमोग्लोबिन ७.८, बाईला किमान १२ हवं. प्राणवायू वाहून नेणाऱ्या गाड्याच कमी, म्हणून हृदय त्याच गाड्यांच्या खेपा वाढवतं, आणि जिन्यावर खेपाही पुरत नाहीत. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या भारतीय बायकांपैकी ५७ टक्के रक्तक्षयाच्या निघाल्या. म्हणजे निम्म्याहून जास्त बायकांना "जरा घेरी आली". लोहाच्या गोळ्या त्यांनी घेतल्या, काळी शी होते म्हणून सोडल्या, मी भांडले, पुन्हा घेतल्या. पाळीत जास्त जातं का, हे विचारायला डॉक्टरकडे पाठवायला मला तीन आठवडे लागले. तीन घरांनी सुट्टी कापली.

०

आता ज्याच्यासाठी डॉक्टरांनी तो पहिला प्रश्न विचारला, ते.

थांबल्यावर येणारी चक्कर बहुतेक वेळा नळाची असते. चढताना, धावताना, भर जोरात असताना येणारी मुळातल्या पंपाची असू शकते. हृदयाची महाधमनीकडची झडप अरुंद झाली असेल, तर पायांच्या वाहिन्या उघडतात पण हृदय त्या प्रमाणात जास्त रक्त फेकूच शकत नाही. आपल्याकडे लहानपणीच्या संधिवाताच्या तापानेही झडपा अशा खराब होतात. हृदयाचा स्नायूच जन्मजात जाड असेल, ठोक्यांची लय बिघडत असेल, रक्तवाहिनी तुंबलेली असेल, तरी हेच. बरोबर छातीत दडपण, धडधड, धाप असेल, किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक गेलेलं असेल, तर "उद्या बघू" म्हणायचं नाही. व्यायाम तिथेच थांबवायचा आणि तपासणी होईपर्यंत पुन्हा करायचा नाही.

१२ जून २०२१, कोपनहेगन. डेन्मार्कचा ख्रिस्तियन एरिक्सन चेंडू घ्यायला गेला आणि कुणी धक्काही न लावता पडला. मैदानावरच छाती दाबली, यंत्राने विजेचा झटका दिला, आणि तो शुद्धीवर आला. छातीत उपकरण बसवून पुढच्या वर्षी पुन्हा खेळला. आमच्या जिममध्ये प्रथिनांच्या डब्यांचं कपाट भिंतभर आहे. झटक्याचं यंत्र कुठंय विचारलं तर रिसेप्शनवरची मुलगी मसाज खुर्चीकडे घेऊन गेली.

०

पडलेल्या माणसाला आपण आधी काय करतो? उभं करतो. दोघे बगलेत हात घालून, तिसरा तोंडावर पाणी मारत, चौथा कांदा शोधत. शरीर त्या माणसाला आडवं करून डोक्याला रक्त मिळवून देत असतं आणि आपण ते पुन्हा खाली पाठवतो. आडवं राहू द्यावं, पाय वर उचलावेत, शुद्ध नसताना तोंडात काही ओतू नये. मिनिटाभरात भानावर आला नाही तर १०८. श्वास नीट चालू नसेल तर १०८ लावता लावता छाती दाबायला घ्यावी. कांदा भाजीत.

०

मी पट्टा सोडलेला नाही. शेवटची सहा मिनिटं सावकाश चालते. शेजारी उभी राहून पट्ट्याची वाट बघणारी मुलगी मोबाइलमधून दर मिनिटाला वर बघते. बघू दे.

०

आज पर्वती. १०३ पायऱ्या, मध्ये तीन ठिकाणी थांबण्याची माझी पद्धत. दुसऱ्या टप्प्यावर एक गृहस्थ कठड्याला धरून बसले होते. पांढरा सदरा, कानटोपी, कपाळावर घाम. वय सत्तरच्या आसपास. भोवती तिघे. एक लिंबू सरबत आणायला धावला होता, एक "उठा, जरा चालून बघा" म्हणत होता.

मी विचारलं, "काका, चक्कर चढताना आली की बसल्यावर?"

"तुम्ही डॉक्टर का?"

"नाही."

ते थोडा वेळ पायऱ्यांकडे बघत राहिले. "चढताना," म्हणाले. मग जरा थांबून, "परवाही आली होती. पण पित्तच असणार."

मुलाचा नंबर त्यांना पाठ होता. सरबत आलं तेव्हा मी फोनवर त्याला पायथ्यापर्यंत गाडी घेऊन यायला सांगत होते, आणि काका मागून मला सांगत होते की त्याला ऑफिस आहे.